टोप्यांची परात

व्यंकटराव सरांनी सिनेमा काढला, त्याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. निवृत्त झालेला माणूस काही ना काही काढतच असतो. कुणी प्लॉट काढतो, कुणी मोतीबिंदू काढतो, कुणी सुनेची उणीदुणी काढतो. चित्रकलेच्या मास्तरानं सिनेमा काढला तर काढू दे बापडा. तक्रार एवढीच होती की सिनेमातल्या माणसाला सरांनी आडनाव दिलं नव्हतं.

हे गाव म्हणजे परभणीहून मानवतला जाताना एसटी जिथं 'पाच मिनिटं' म्हणून थांबते आणि ड्रायव्हर चहा पिऊन, पान लावून, मेव्हण्याला भेटून येतो, ते. इथं नवा माणूस उतरला की पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात. त्यानंही भागलं नाही तर मामा कुठले ते विचारतात. मामापाशी माणूस सापडतोच. मग विचारणाऱ्याच्या तोंडावर जे समाधान पसरतं, ते लग्नातली पंगत उठल्यावरसुद्धा पसरत नाही.

"सर, त्यो हिरो कुठला म्हणायचा?" शेजारच्या भुजंगरावांनी कंपाउंडवरून विचारलं. भुजंगरावांचं खताचं दुकान होतं आणि उरलेल्या वेळात ते एका पक्षाचे तालुका उपाध्यक्ष होते.

"कुठलाच नाही. नुसता माणूस आहे."

"ते कळलं की. पण मूळचा?"

"मूळचाही माणूसच."

"बरं. मामा कुठले त्याचे?"

सर आत गेले आणि दार जरा जोरातच लावलं. हे त्यांनी नोकरीभर ऐकलं होतं. वर्गात एखाद्या पोरानं घोडा झकास काढला, सरांनी तो कौतुकानं शिक्षकांच्या खोलीत नेऊन दाखवला, की पहिला प्रश्न यायचा, "कुणाचा हो पोरगा?" घोडा कुणी बघायचंच नाही. एकदा तर एका शिक्षकानं पोराचं आडनाव कळल्यावर घोड्याचा पाय आखूड असल्याचं दाखवून दिलं होतं. सरांचा तो राग कपाटातल्या रंगांच्या ट्यूबांसारखा वाळून गेला असेल असं त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना वाटायचं. तो वाळला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याचा सिनेमा झाला.

सिनेमाचं नाव 'डोकं'. एक माणूस सकाळी उठून आरशात बघतो तर त्याला चेहराच नसतो. नाक, डोळे, तोंड, सगळं सपाट. तो चेहरा शोधायला बाहेर पडतो. वाटेत जो भेटतो तो 'कुणाचे तुम्ही?' असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या डोक्यावर आपल्याकडची टोपी, फेटा, पागोटं, जे असेल ते चढवतो. जी टोपी चढेल तिच्या घोषणा तो द्यायला लागतो. टोप्यांवर टोप्या चढतात, ढीग पाण्याच्या टाकीएवढा उंच होतो आणि खालचा माणूस बारीक बारीक होत जातो. शेवटी तो विहिरीशी येतो, एकेक टोपी काढून ठेवतो, पाण्यात वाकून बघतो, आणि त्याला त्याचा चेहरा दिसतो. मग तो उघड्या डोक्यानं समोर, सरळ आपल्याकडं बघत राहतो. बराच वेळ. संपला सिनेमा.

त्या शेवटच्या बघण्यासाठीच सरांनी बाकीचा सिनेमा केला होता. गावानं एकदा, फक्त एकदा, त्या माणसाकडं नुसतं माणूस म्हणून बघावं, एवढी त्यांची इच्छा होती. तिला कुणी माफक म्हणेल. म्हणणाऱ्यानं हे गाव पाहिलेलं नाही.

हिरो सर स्वतःच होते, कारण आडनाव नसलेली भूमिका करायला दुसरं कुणी तयार झालं नाही. मोबाइलवर चित्रण अनसूयाबाईंनी केलं. सपाट चेहऱ्यासाठी सरांच्या तोंडावर भिजवलेली कणीक थापली. परभणी जिल्ह्यातला मे महिना. कणीक आधी तडकली, मग आंबली, मग तिच्यावर माशा बसल्या. अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, चार जणांचं जेवण तुमच्या तोंडावर वाया गेलं." गच्चीवर सर तोंडाला कणीक लावून हात पसरून उभे असलेले समोरच्या दत्तरावांनी पाहिले आणि संध्याकाळी ते मुद्दाम येऊन हळूच सांगून गेले, "ताडकळसला एक जण हाय. असल्या केसा बघतो. बाहेरचं असलं तरी उतरतं. माझ्या साडूला लय फरक पडला."

सरांनी चहा पाजून त्यांना घालवलं. रागावून उपयोग नव्हता, कारण सिनेमा दाखवायचं मंगल कार्यालय दत्तरावांचंच होतं. दत्तरावांनी कार्यालय द्यायचं कबूल केलं, पण ठाण्यातून परवानगी आणा म्हणाले. मागं एका बारशात स्पीकरवरून भांडण झालं होतं, तेव्हापासून ते बारशालाही परवानगी मागतात.

ठाण्यात सुग्रीव जमादार होते. भला माणूस. सरांचा जुना विद्यार्थी, म्हणजे सरांच्या तासाला मागच्या बाकावर झोपणारा.

"कार्यक्रम कशाचा लिहू सर? जयंती का पुण्यतिथी?"

"सिनेमा आहे."

"हां, पण कुणाच्या जयंतीचा?"

"कुणाच्याच नाही."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या कारकिर्दीत या गावात कुणाच्याच जयंतीचा नसलेला कार्यक्रम झाला नव्हता. "मग उरूस? जत्रा? सत्कार? सर, कायतरी एक पायजे. बिनकारणाच्या कार्यक्रमाला बंदोबस्त कसा लावायचा? कुणाला कुणापासून वाचवायचं तेच कळंना."

सिनेमात टोप्या आहेत हे ऐकल्यावर तर ते उभेच राहिले. टोप्या म्हणजे भावना आल्या, आणि भावना आल्या की शांतता समिती आली. समितीला आधी दाखवा, समितीनं हो म्हटलं की माझा शिक्का तयार.

शांतता समितीत गावातले सगळे अशांत लोक असतात. अशांतता कशी करायची ते त्यांनाच ठाऊक असतं, म्हणून ती होऊ नये हेही त्यांच्याच हाती. भुजंगराव होते, दत्तराव होते, खाजाभाई होते, अजून प्रत्येक आळीचे, रंगाचे आणि झेंड्याचे एकेक दोन दोन होते. कुठली टोपी कुणाची हे इथं लिहिणार नाही. कथा सांगणाऱ्यालाही याच जिल्ह्यात राहायचं आहे.

सरांनी रात्रभर जागून उत्तरं तयार केली होती. कलेचं स्वातंत्र्य, माणसाचं मन, प्रतीकं, सगळं. समितीनं जमादारांच्या खोलीत बसून सिनेमा अगदी शांतपणे पाहिला. बिस्किटं संपली. मग भुजंगराव म्हणाले, "सर, पिक्चर चांगलाय. पण आमची खाली कामून?"

"काय खाली?"

"टोपी. तुमी आमची आधी घातली, त्याच्यावर ह्यांची घातली. म्हंजे आमी त्यांच्या खाली."

"अहो, तो ढीग आहे. ढिगात काहीतरी खाली राहणारच."

"तेच म्हणायलोय मी. आमीच कामून?"

आणि ढिगाच्या खालच्या अर्ध्या भागातले सगळे एकदम बोलायला लागले. वरच्या अर्ध्या भागातल्यांना सिनेमा फार आवडला होता. ज्यांची टोपी सिनेमात नव्हतीच, ते तर सगळ्यांत जास्त चिडले. आम्हाला वगळलं म्हणजे आम्ही गावात नाही का? सिनेमातली घोषणा देणारी टोपी म्हणजे मूर्खपणाचा नमुना होता, आणि त्या मूर्खपणात आपलाही समावेश व्हावा म्हणून माणसं टेबल बडवायला लागली होती. सरांना एवढा संताप आला की त्यांचे कान लाल झाले. कुणी सिनेमा जाळतो म्हणाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. निदान तो कळला तरी असता.

"सगळ्यांना सारखं ठेवा," खाजाभाई समजुतीनं म्हणाले. त्यांची पाना-पंक्चरची मोठी शेड होती आणि भांडणं मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता. "ऊपर-नीचे कशाला? एका लाइनीत ठेवा ना सर."

"डोकं एक आहे, खाजाभाई. एका डोक्यावर लाइनीत कशा बसतील?"

"फळी ठेवा डोक्यावर."

फळीवर एकमत होणार तोच कुणीतरी विचारलं की उजवीकडून पहिलं कोण? मग बाराखडीप्रमाणं ठेवायचं ठरलं. मग बाराखडी नावाची की आडनावाची यावर चहा दुसऱ्यांदा आला. अखेर दत्तराव म्हणाले, "परात ठेवा. गोल हाय. गोलाला पहिलं न्हाई, शेवटचं न्हाई. माझ्या कार्यालयात लग्नाची कणीक मळायची पितळी परात हाय." टाळ्या पडल्या. पण कॅमेऱ्यासमोर कुणाची टोपी येणार? मागच्यांची दिसायची कशी? तर हिरोनं फिरत राहायचं. एकसारखं, सावकाश, सगळ्या टोप्या सगळ्यांना दिसेपर्यंत.

सरांनी टेबलावर हात आपटला. "हा सिनेमा आहे का भाजीबाजार? माणूस हरवलाय त्यात, माणूस! तो तुम्हाला दिसला का?"

"दिसला की," भुजंगराव म्हणाले. "टोप्यांच्या खाली व्हता."

आणि तेवढ्यात दत्तरावांनी शेवटच्या दृश्याचा विषय काढला. "सर, ती बोडक्या डोक्याची आखेर काढून टाका. आसं वाटतं घरात कुणीतरी गेलंय. शिवाय एवढ्या इज्जतीनं घातलेलं सगळं उतरवायचं म्हंजे…"

"ती नाही काढायची." सरांचा आवाज चिरकला. "परात घेतो डोक्यावर. फिरतो. तुम्ही म्हणाल ते करतो. शेवटचं तेवढं राहू द्या."

आपण विनवणी करतोय हे त्यांना बोलता बोलताच कळलं आणि स्वतःचाच राग आला. पण समिती विरघळली. ठराव झाला: परातीचं दृश्य समितीच्या समक्ष चित्रित करावं, शेवट आहे तसा ठेवण्यास हरकत नाही. जमादारांनी शिक्का मारला.

चित्रण गावाबाहेरच्या जिनिंगच्या आवारात होतं. कापसाचा हंगाम संपलेला, आवार मोकळं, कोपऱ्याकोपऱ्यात जुना कापूस उडतोय. सकाळी समिती आली, समितीमागून गाव आलं. बातमी फुटली होती. रिक्षावाल्यांची संघटना त्यांची टोपी घेऊन आली, निवृत्त कर्मचारी संघ आला, भजनी मंडळ आलं, क्रिकेट क्लबवाले आले. नाही कुणाला म्हणायचं? जमादार म्हणाले, "घ्या सर. एक टोपी कमी पडली तर मला एक गाडी जास्त मागवावी लागंल."

परातीखाली चुंबळ हवी होती. अनसूयाबाईंनी घरून जुन्या साडीचा तुकडा आणला तर त्याचा रंग बघून कुजबुज सुरू झाली. दुसरा आणला, तोही कुणाचा तरी निघाला. रंग एकही मोकळा नव्हता. इंद्रधनुष्य कधीच वाटून झालं होतं. शेवटी पोत्याची चुंबळ केली. पोतं भुजंगरावांच्या दुकानातलं होतं, पण छापलेली बाजू आत दुमडून घेतली.

परात डोक्यावर चढली तेव्हा सरांची मान खांद्यात गेली. मोबाइल तिपाईवर लावून अनसूयाबाईंनी चालू केला. सर फिरायला लागले.

"थांबा!" भुजंगराव ओरडले. "उलटे फिरायलात सर. प्रदक्षिणा उजवीकडून आसती."

"हमारे यहाँ मक्केत डावीकडून फिरतात," खाजाभाई नम्रपणे म्हणाले. "आमचा आग्रह नाही. फकत सांगतो."

एवढं बोलून ते गप्प राहिले, पण त्यांच्या मागचे गप्प राहिले नाहीत. उन्हात परात डोक्यावर घेऊन सर उभे, आणि माणसानं कोणत्या बाजूनं फिरावं यावर चर्चा. अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, निदान परात तरी उतरवा तोवर." पण उतरवली तर टोप्यांची जागा हलणार होती. शेवटी तोडगा निघाला: एक फेरी उजवी, एक फेरी डावी. सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना फक्त ती विहीर दिसत होती, आणि पाण्यातला तो चेहरा.

उजवी. डावी. उजवी. डावी. प्रत्येक टोपी समोर आली की तिच्यामागचे लोक घोषणा देत. हे सिनेमात लिहिलेलं नव्हतं, तरी ते हुबेहूब सिनेमातल्यासारखंच होत होतं, आणि सरांना त्याही अवस्थेत ते जाणवलं. मग आवार कलंडलं. पाय एकीकडं गेले, परात दुसरीकडं गेली. पितळेचा आवाज मानवतपर्यंत गेला असेल. सर कोपरावर पडले, कपाळ दगडाला लागलं, आणि सगळ्या टोप्या धुळीत.

गाव धावलं. म्हणजे एवढी माणसं आपल्याकडं धावत येताना सरांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. निवृत्तीच्या निरोपालाही एवढी आली नव्हती. त्यांनी हात वर केला. कुणीतरी धरेल म्हणून.

ज्यानं त्यानं आपापली टोपी उचलली. झटकली, फुंकर मारली, कपाळाला लावली, छातीशी धरली. दत्तरावांनी परात उचलली आणि तिला कुठं पोचा आलाय का ते बघितलं. एक टोपी सरांच्या दंडाखाली अडकली होती. दोघांनी सरांना जरा उचललं, टोपी ओढून काढली आणि सरांना परत ठेवलं. गर्दीतून वाट काढत अनसूयाबाई पोचल्या तेव्हा सरांच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं आणि ते आकाशाकडं बघत होते. उचललेला हात अजून तसाच होता.

कोपराला प्लास्टर, कपाळाला टाके. त्या संध्याकाळी अनसूयाबाईंनी मोबाइल पुढं धरला. सगळं चित्रित झालं होतं. पडणं, धावणं, फुंकर, दंडाखालची टोपी, सगळं.

"पुसून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही." सरांचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. "जसंच्या तसं जोडायचं. हे बघतील, आणि त्यांच्या नजरा खाली जातील. मग शेवटचा चेहरा दाखवायचा. बघू तरी, कुणाची मान वर होते ते."

कार्यालय गच्च भरलं. टोपी सगळ्यांचीच होती, त्यामुळं न येण्याची सोय कुणालाच नव्हती. कणकेच्या तोंडाला लोक हसले. परातीला टाळ्या पडल्या, प्रत्येक टोपीला वेगळ्या. मग पडद्यावर सर पडले, टोप्या धुळीत गेल्या, गर्दी धावली, आणि कार्यालय एकदम चिडीचूप झालं. पहिल्या रांगेत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेले सर पुढं वाकले. आता. आता कळेल यांना.

"थांबवा!" मागून कुणीतरी ओरडलं. "मागं घ्या जरा!"

अनसूयाबाईंनी लॅपटॉपवर थोडं मागं घेतलं. सर पुन्हा पडले.

"बघा! ह्यांचा पाय आमच्या टोपीवर पडला!"

"पाय न्हाई, सावली हाय ती. परत लावा!"

सर परत पडले.

"आधी कुणाची पडली ते बघा! आमची शेवटपर्यंत परातीत व्हती!"

"मागं घ्या!" "हळू लावा!" "तिथंच थांबवा!" अनसूयाबाईंनी हात काढून घेतला तर कुणीतरी लॅपटॉपच ताब्यात घेतला. आता सर सावकाश पडायला लागले. पडायचे, हात वर करायचे, आणि हात वर झाला की चित्र मागं जायचं. माणसं खुर्च्यांवर चढून पडद्यावर बोटं नाचवत होती. सुग्रीव जमादार शिट्टी वाजवत होते. शेवटचं दृश्य येणार नव्हतं. विहिरीपर्यंत कुणी जाऊच देणार नव्हतं. आपण किती वेळा पडलो, हे सरांनी मोजणं सोडून दिलं.

ते उठले. प्लास्टरचा हात गळ्यात, कपाळावर पट्टी, डोक्यावर काही नाही. ते स्टेजवर चढले आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत घुसला. त्यांच्या शर्टावर परात कलंडत होती, पोटावर टोप्या घरंगळत होत्या. गळ्याच्या शिरा फुगवून ते एवढ्या जोरात ओरडले की लॅपटॉपवाल्याचाही हात थांबला.

"माणूस पडलाय! अरे, माणूस पडलाय तिथं! मी पडलोय! दिसतोय का कुणाला?"

कार्यालय शांत झालं. सगळे त्यांच्याकडं बघत होते. सगळेच्या सगळे, पहिल्यांदा. अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग अंधारातून एक आवाज आला. रागाचा नव्हता. चांगला अदबीचा होता.

"सर, जरा बाजूला सरकता का? तुमच्यामुळं टोप्या दिसंना झाल्यात."

व्यंकटराव सर सरकले नाहीत.